काट्याची जागा

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात
रेझेक्नेच्या बॉयलरघरातला जुना दाबमापक उतरवला.
पितळी, थाळीएवढा, काचेला एका अंगाने तडा.
मागे भिंतीवर एक गोल उरला,
बाकीच्या भिंतीपेक्षा तीस वर्षांनी तरुण.

मला सांगितलं गेलं : विज्मा, आता हाच पडद्यावर हवा.

तयार घटकांच्या पेटीत बरंच काही होतं,
बटणं, याद्या, सरकपट्ट्या,
इस्त्री केलेली,
कुठल्याही खिडकीत निमूट बसणारी.
आकड्याची चौकट टाकून मोकळी झाले असते,
पण तालिवाल्दिस म्हणाला, आकडा वाचावा लागतो.
काटा नुसता दिसतो,
पाव चावता चावता.

म्हणून हाताने रंगवायला घेतला.
पडद्याच्या भूगोलात शून्य डावीकडे, अगदी वर,
आणि आकडा वाढला की माणूस खाली उतरतो.
मी हे विसरले.
पहिल्या रात्री दाब चढत गेला
आणि काटा पडत गेला,
शेवटी जमिनीकडे बोट दाखवून उभा.

दुसऱ्या रात्री गोल दिसलाच नाही.
तक्रार नाही, लाल ओळ नाही.
खिडकी उघडली, बटणं जागच्या जागी,
मधे राखाडी, आणि राखाडीत काही नाही.
तीन तास शोधलं.
तो तिथेच होता.
हाक मारली की येत होता, स्वतःला रंगवत होता,
सगळे अंश, बारीक रेघा, सहा बारपुढचा लाल पट्टासुद्धा,
शून्य रुंदीच्या, शून्य उंचीच्या जागेत.

मांडणी प्रत्येकाला एकदा विचारते, किती हवं?
मी त्याला उत्तर शिकवलं नव्हतं.
जो गप्प राहतो
त्याला ती नाही म्हणत नाही,
शून्य वाढते.

माझी मावशी मिल्दा. भावाच्या लग्नात
सगळी रात्र खिडकीपाशी उभी होती, हातात बशी.
खुर्च्या कमी नव्हत्या.
हे मला पहाटे साडेतीनला का आठवावं, ठाऊक नाही.

दोन ओळी लिहिल्या : दोनशे चाळीस रुंद, दोनशे चाळीस उंच.
आणि गोल खिडकीत बसला, जणू कालपासून बसलेला.
फक्त दर वेळी डोळे मिचकावत होता,
पुसला जाणं दिसत होतं, रंगणं दिसत होतं.
मग आधी पडद्यामागे चितारून
पूर्ण झाल्यावरच पुढे आणायला लागले.
वर दहा नोंदींची सरासरी.
काटा तेलात ठेवल्यासारखा शांत झाला.

सोमवारी दाखवला.
बाहेर उणे एकोणीस. तालिवाल्दिसने एकच हातमोजा काढला,
बोटाने पडद्यावर टिचकी मारली,
जुन्या काचेवर मारायचा तशी.
बराच वेळ पाहिलं.
छान आहे, म्हणाला. पण मेलाय.

म्हणे दुसऱ्या पंपाचा श्वास काट्यात दिसायचा.
एका फेब्रुवारीत तो श्वास थांबला,
आकडा अजून बरोबर होता तेव्हा,
आणि शाळेकडची नळी गोठतेय हे
त्याला सगळ्यांच्या आधी कळलं.

मी गप्प.
मला वाटलं होतं थरथर म्हणजे दोष.

खोटी थरथर एका ओळीत झाली असती,
यंत्राला सांगायचं, मनाला येईल तसं हलव.
बोटं त्या ओळीवर गेलीही होती.
ती पुसली. सरासरीही काढून टाकली.
जे येतंय ते येऊ दे, जसं येतंय तसं.

काटा जरा दचकला,
मग पाच पूर्णांक दोनच्या आसपास
बारीक, बेशिस्त, जिवंत कापायला लागला.

तालिवाल्दिस काही बोलला नाही.
खुर्ची पडद्याला आडवी फिरवली,
कागदातून राईचा पाव काढला, त्यावर सुरी धरली
आणि काट्याकडे बघायचं सोडून दिलं.